‘पडदा’ कुणी म्हणायचं

९ जानेवारी

चि. भोंग्यास,

अनेक आशीर्वाद. लहानपणी तू रडायला लागलीस की गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं, म्हणून मी तुला भोंगा म्हणायला लागलो. आता तू तातडीच्या विभागातली डॉक्टर आहेस आणि भोंगा वाजवत येणाऱ्या गाड्यांकडे धावतेस. नाव ठेवणाऱ्या मामाची दूरदृष्टी बघ.

पण काल तुझी आई येऊन गेली आणि तिने सांगितलेलं ऐकून मी हबकलो. म्हणे तू हातातली चांगली नोकरी सोडून वर्षभर बाहुल्यांशी खेळायला गेली आहेस, आणि त्याला फेलोशिप म्हणतात. ‘शिकून शिकून डोकं फिरलं पोरीचं,’ असं ती म्हणाली. मी तुझी बाजू घेतली, पण नेमकी कोणती बाजू घ्यायची ते माहीत नसल्यामुळे फार वेळ घेता आली नाही. फोन केला असता, पण तुमचे हल्लीचे फोन फार हळू बोलतात. तेव्हा खुलासा पत्राने कर.

मी ठणठणीत आहे. आमचं हौशी नाट्यमंडळ जुनं नाटक पुन्हा काढतंय. दुसऱ्या अंकात मी सुरा लागून मरतो, तेच. जिन्यात पाठांतर करतो. आवाज छान घुमतो.

तुझा मामा

ता. क. मी मामी लिहितेय. मागच्या वेळी ह्यांना मरायला इतका वेळ लागला की खुनी बिचारा खुर्ची ओढून बसला. आणि जिन्यात हे प्रत्येक मजल्यावर थांबतात, छातीवर हात ठेवून. विचारलं तर म्हणतात, संवाद आठवतोय.

२१ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. फोन हळू बोलत नाहीत, तुला कमी ऐकू येतं. पण हा वाद तू हरणार नाहीस, म्हणून पत्रच बरं.

बाहुली नाही रे, माणसाएवढा पुतळा आहे. आम्ही त्याला तात्या म्हणतो. तात्या श्वास घेतो, डोळे मिचकावतो, त्याच्या मनगटाला नाडी लागते. घाम सोडला तर त्याला सगळं येतं. काचेमागे आमचा यंत्रवाला बसतो. तो कळ दाबेल तशी तात्याची नाडी पळते नाहीतर बुडते, आणि माइकवरून कण्हतोही तोच. शिकाऊ डॉक्टर आत येऊन तात्याला वाचवायला बघतात. चुकायचं ते तात्यावर चुकावं, जिवंत माणसावर नाही, एवढाच हेतू. हे प्रसंग रचायचे कसे, चालवायचे कसे आणि मग सगळ्यांना गोलात बसवून त्यातून शिकवायचं कसं, हे मी शिकतेय. त्या गोलात बसण्याला डीब्रीफिंग म्हणतात. तिथे ‘असं का केलंस?’ विचारायला बंदी आहे, कारण ‘का’ म्हटलं की माणूस स्वतःचा वकील होतो. विचारायचं ते असं: ‘त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं?’

आता माझं रडगाणं. मे महिन्यात बाहेरचे परीक्षक येणार आणि मी रचलेला प्रसंग बघणार. पास झाले तर एका नव्या रुग्णालयात अशीच खोली उभी करायला मिळेल. त्यांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे. नापास झाले तर वर्ष गेलं आणि जागाही गेली. आमच्या प्रमुख बाई म्हणतात, ‘तुझं वैद्यक बिनचूक आहे, पण प्रसंगात जीव नाही.’ खोटं नाही ते. परवा तात्या शेवटचे श्वास घेत होता आणि त्याच्या उशाशी उभा असलेला डॉक्टर जांभई देत होता.

मामीला म्हणावं, ह्यांना जिन्यात पाठांतर करू देऊ नकोस, शेजारी घर बदलतील.

तुझी भोंगा

२ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,

जीव नाही म्हणजे काय? जीव घालायला मी बसलोय ना इथे!

तुझ्या तात्याचं दुखणं मला पत्रातूनच कळलं. त्याला कुणी नाही. आजारी माणूस कधी एकटा येतो का? त्याच्यामागे बायको असते, भाऊ असतो, डॉक्टरांना अक्कल शिकवणारा मेव्हणा असतो. तुझा तात्या अनाथ. त्याच्यासाठी कोण रडणार आणि जांभई देणाऱ्याला कोण खडसावणार? तिथे हाडामांसाचा नट हवा. मी रिकामाच आहे. बाईंना विचार.

मामा

ता. क. तुझा तो प्रश्न मला फार आवडला. काल ह्यांच्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं. मी आवाज चढवला नाही. शांतपणे विचारलं, ‘दूध वर येत होतं तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?’ म्हणाले, ‘काही नाही.’ इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं. मामी.

१८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

बाई हो म्हणाल्या! आमच्याकडे पेशंटचं काम करायला नट येतातच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तालमीचा प्रसंग आहे, त्यात तू ये. काम सोपं आहे. तुला एका गोळीची ॲलर्जी आली आहे, अंगाला खाज सुटली आहे, श्वास लागला आहे. शिकाऊ डॉक्टर मांडीत खोटं इंजेक्शन देईल. मग तू बरा व्हायचंस. बरा, मामा.

आणि एक गोष्ट चेष्टेवारी नेऊ नकोस. त्या खोलीत सगळंच खोटं असल्यामुळे काही खरं घडलं तर कुणाला पत्ता लागत नाही. मागे एका नटाचा पाय पलंगाच्या चाकाखाली आला. तो जिवाच्या आकांताने ओरडत होता आणि काचेमागे सगळे वाहवा करत होते. म्हणून एक शब्द ठरलेला असतो. तो कुणीही म्हणाला की खेळ जागच्या जागी थांबतो. आमचा शब्द ‘थांबा’ होता, पण पेशंट झालेला प्रत्येक जण ‘थांबा, थांबा, सुई नको’ असंच ओरडतो. तेव्हा नवा शब्द तू सुचव.

भोंगा

२५ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,

शब्द: पडदा. चुकून कुणाच्या तोंडून निघणार नाही. आमच्यात तो विंगेतला माणूस म्हणतो. रंगमंचावर उभ्या नटाने स्वतः पडदा मागणं म्हणजे नाक कापून घेणं. मी जन्मात मागितला नाही. तुमच्या लोकांना मात्र उपयोगी पडेल.

बॅग भरली आहे. येताना तुझ्या यंत्रवाल्यासाठी काय आणू?

मामा

१२ मार्च

मामा,

तू मेलास.

त्या शिकाऊ डॉक्टर मुलीने गोळी ओळखली, वेळेत इंजेक्शन दिलं, मात्रा बरोबर होती. तू उठून बसायचं होतंस. त्याऐवजी तू पलंगाचा कठडा धरलास, कॅमेऱ्याकडे वळलास, आईला हाक मारलीस, तुला नसलेल्या भावाला माफ केलंस आणि मेलास. मग एक डोळा उघडून लोक बघताहेत ना याची खात्री केलीस आणि पुन्हा मेलास. ती मुलगी रडत बाहेर गेली. गोलात बसल्यावर मी तिला विचारलं, तुझ्या मनात काय चाललं होतं, तर तिच्या आधी तूच पलंगावरून म्हणालास, ‘आधी माझ्या मनात काय होतं ते विचारा.’

तुला गंमत वाटते. पण योग्य औषध देऊनही माणूस हातातून जातो असं तिच्या मनात बसलं, आणि उद्या खऱ्या पेशंटपुढे तिचा हात अडखळला, तर? बाईंनी मला केबिनमध्ये बोलावून जे ऐकवलं ते लिहीत नाही. मे महिन्यात मी तात्याला एकट्यालाच घेणार आहे.

तुझी भाची

२० मार्च

माननीय डॉक्टर बाईंस,

आपलं पत्र पोचलं. दारात उभ्या असलेल्या वॉर्डबॉयने डोळे पुसले, हे आपण लिहायचं विसरलात.

मरायचं माझ्या मनात नव्हतं. पण पलंग मिळाला, वरून दिवे मिळाले, सगळे माझ्याकडेच बघत होते. अशा वेळी बरं होणं कुठल्याही नटाच्या जिवावर येतं. असो. तात्या गुणी आहे, सांगाल तसं वागतो. त्यालाच घ्या.

आपला,
एक निवृत्त नट

३० मार्च

प्रिय लेकी,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. स्वारी रुसली आहे. मंडळाच्या नाटकातलं कामही सोडलं. म्हणाले, ‘तरुण माणसाला मरू दे आता.’ दुपारभर आरशासमोर बसून गप्प राहायची तालीम करतात. विचारलं तर म्हणतात, ‘भोंगा म्हणते ते खरंय, मी फार करतो.’ जिन्यात अजूनही थांबतात, पण आता तोंडातून शब्द काढत नाहीत. पूर्वी निदान संवाद तरी म्हणायचे.

ह्यांना एखादं छोटंसं काम दे बाई. घरात इतकी शांतता मला सोसत नाही.

मामी

९ एप्रिल

प्रिय मामा,

रागाच्या भरात मी जास्तच लिहिलं. चुकलं. तू जिला रडवलंस ती मुलगी आता ॲलर्जीचं इंजेक्शन सगळ्यांत चपळाईने देते. म्हणते, ‘ते आजोबा डोळ्यांसमोर येतात.’ आणि बाई काय म्हणाल्या माहीत आहे? ‘त्या गृहस्थांनी खोलीत जीव आणला. फक्त स्वतःचा घालवायला नको होता.’

तात्याला कुणी नाही, हे तुझं म्हणणं माझ्या डोक्यातून जाईना. मी सगळा प्रसंग नव्याने रचला. तात्याला हार्ट अटॅक येतो, आणि तू त्याचा धाकटा भाऊ. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं. डॉक्टर तात्याची छाती दाबायला लागले की उठून मध्ये यायचं आणि ओरडायचं, ‘माझ्या भावाची हाडं मोडताय तुम्ही!’ एकीकडे तात्याला सांभाळायचं आणि एकीकडे तुला, हीच त्यांची कसोटी. तुझ्यासाठी मी पानभर संवाद लिहिलाय. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिलंय, एक शब्दही गाळू नकोस. आणि मामी म्हणते तू जिन्यातसुद्धा गप्प असतोस. पुरे झाला रुसवा.

ह्या वेळी मरायला तात्या आहे.

भोंगा

६ जून

चि. भोंग्यास,

घरी सुखरूप पोचलो. तुमच्या लोकांनी माझ्या हृदयात कसलीशी जाळी बसवली. बसवोत बापडे, त्यांची हौस झाली. पण खरं काय ते लिहून ठेवायला हवं, म्हणून पत्र. तो अभिनय होता.

ओरडणारा भाऊ कुणीही करेल. मी ऐन वेळी ठरवलं की हा भाऊ दुःखाने मूक झालाय. आरशासमोर घेतलेली सगळी मेहनत त्यात ओतली. त्या किडकिडीत परीक्षकाचे शब्द मी ह्या कानांनी ऐकले, ‘काय नट आहे!’ आणि तू भर रंगात ‘पडदा’ म्हणून ओरडलीस. तुझ्या पोरांनी तात्याला पलंगावरून उचलून फरशीवर ठेवलं आणि त्याच्या जागी मला आडवं केलं. माझा सदरा कात्रीने कापला. नवा होता.

आता मुद्द्याचं. तुझ्या निकालाचं मला कुणी सांगत नाही. तुझी आई विषय बदलते, मामी स्वयंपाकघरात निघून जाते. माझ्यामुळे तुझं वर्ष बुडालं असेल तर सरळ लिही. मी तेवढंही ऐकू शकतो.

मामा

१५ जून

प्रिय मामा,

सोबत ईसीजीची पट्टी पाठवतेय. हिला अभिनय येत नाही. नीट बघ आणि मंडळात फिरवू नकोस.

आता माझी बाजू ऐक. मी काचेमागे होते. ते तात्याची छाती दाबायला लागले, तुझी वेळ आली आणि तू उठला नाहीस. फरशीकडे बघत बसलास. आत खोलीत बसलेले परीक्षक म्हणाले, काय नट आहे. यंत्रवाला म्हणाला, मामा सुधारले. मी मात्र गार पडले. मिळालेला एक शब्द कधी न सोडणारा माझा मामा पानभर संवाद सोडून गप्प बसलाय? मग तुझ्या कपाळावरचा घाम दिसला. आमच्या खोलीत कुणाला घाम फुटत नाही. मी माइक ओढून ‘पडदा’ म्हणून ओरडले. गल्लीच्या टोकापर्यंत कळेल असा भोंगा वाजला. तुझ्याजवळ सगळ्यांत आधी पोचली ती तुझीच मुलगी, मार्चमध्ये तू रडवलेली. तुझा सदरा कापताना ती स्वतःशीच पुटपुटत होती, ‘आज नाही मरायचं, आजोबा.’ यंत्रवाल्याची बोटं कळीवरच राहिली, आणि फरशीवर पडलेला तात्या छताकडे बघून डोळे मिचकावत होता.

प्रसंग अर्धवट राहिल्यामुळे परीक्षकांनी त्या दिवशी निकाल दिला नाही. आठवड्याने पुन्हा आले आणि म्हणाले, जे घडलं त्यावरच डीब्रीफिंग घेऊन दाखवा. मी घेतलं. सगळे बोलले, काही जण रडले, यंत्रवाला सगळ्यांत जास्त. मी पास झाले, मामा. तुझ्यामुळे काही बुडालं नाही. जुलैत नव्या जागी रुजू होतेय.

पण माझ्या मनात काय चाललं होतं तेही सांगते. मी फार घाबरले होते. तू गेला असतास तर मी पुन्हा त्या काचेमागे बसू शकले नसते. लोकांना नीट बघायला शिकवते मी, आणि मामीने जानेवारीतच लिहिलेलं ते जिन्यातलं वाक्य विनोद म्हणून वाचलं, एप्रिलमध्ये रुसवा म्हणून वाचलं. ह्याची लाज वाटते आणि वाटत राहील.

आमच्या गोलात तुझी खुर्ची रिकामी होती. म्हणून पत्रातून विचारतेय. शब्द तुझाच होता. तो का म्हणाला नाहीस, असं विचारणार नाही, नियम आहे. त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं?

भोंगा

२५ जून

चि. भोंग्यास,

पास झालीस! मी आनंदाने ओरडलो तर मामीने गोळ्यांचा डबाच आणला. आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोनदा लिहिलं आणि फाडलं. दोन्ही वेळा ते भाषण झालं होतं. आता साधं लिहितो.

आधी वाटलं, पित्त आहे. मग वाटलं, हे पित्त नाही. डाव्या हातात कळ गेली. समोर तुझी पोरं तात्याला इतक्या मनापासून वाचवत होती की मला त्या पुतळ्याचा हेवा वाटला. तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण परीक्षक मान खाली घालून लिहीत होते, तुझी ती मुलगी काय सुरेख काम करत होती, आणि काचेमागे तू होतीस. जांभई देणारं एक तोंड नव्हतं त्या खोलीत. म्हटलं, पोरीचा प्रसंग रंगलाय, तेवढा संपू दे, मग सांगू. तुझं लिहिलेलं पानही पाठ होतं, पण उठवेना. मी भ्यालो होतो, भोंग्या. मरायला भ्यालो होतो. इतक्या वेळा मेलो, पण भीती कशी असते ते मला माहीतच नव्हतं. आणि त्याहून जास्त, माझ्यामुळे तुझं वर्ष जाईल ह्याला भ्यालो होतो.

तो अभिनय नव्हता. हे तुझ्या आईला कळलं तरी चालेल, मंडळात कळता कामा नये. पुढच्या वेळी वेळेवर पडदा मागेन. शब्द देतो.

तुझा मामा

ता. क. मी मामी. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काल हे पहिल्यांदा खाली फिरायला गेले. परत येताना दुसऱ्या मजल्यावर थांबले, कठडा धरला आणि ‘पडदा!’ म्हणून असे ओरडले की सगळ्या मजल्यांची दारं उघडली. मी हातातलं टाकून खुर्ची घेऊन धावले. दमच लागला होता, दुसरं काही नव्हतं. शेजारणीने पाणी दिलं, समोरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. हे वाकून नमस्कार करायला उठत होते, मी म्हटलं, बसा. बसले. ती खुर्ची आता आम्ही दुसऱ्या मजल्यावरच ठेवली आहे.